पंजाएवढी जागा सोडून

अहो, तुमचे ब्रश अजून तारेवर तसेच लटकलेत. काथ्याचे जाड, केसांचे मऊ, आणि तो दात घासायचा, ज्याच्यावरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं, कारण तो माझा होता आणि अजून जुना झालेला नव्हता. काढून ठेवावेत म्हणून रोज हात वर करते आणि तसाच खाली घेते. त्या सकाळी तुम्हीच ते धुऊन वाळत घातले होते. मग विहिरीजवळच्या आपल्या दगडाला डोकं टेकून बसलात. मी चहा घेऊन आले तोवर गेला होतात. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. मला मात्र अजून नीटसं कळलेलं नाही.

तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. आपल्या पोराची, संदीपची, सुट्टी संपत आली, उद्या त्याला पलटणीत परत जायला निघायचंय, आणि जायच्या आधी त्याला एका गोष्टीचा निकाल लावायचाय. तुमच्या दगडाचा. बांधावर जिथं तुमची रक्षा पुरली तिथं काळ्या ग्रॅनाइटची समाधी बांधू, तो म्हणतो, वर नानांचा वर्दीतला फोटो कोरून घेऊ, कराडला मशीनवर लगेच होतंय. मलाही दगड हवाय. ग्रॅनाइट नको, पण दगड हवा. हात ठेवायला काहीतरी हवं की नाही माणसाला? आणि तुम्ही मात्र सांगून बसलात, "माझ्यावर दगड घालायचा न्हाई." ज्यानं इतकी वर्षं लोकांच्या समाध्या धुतल्या त्यानं हे म्हणावं, आता बोला. हा वाद आपण कितीदा काढला, एकदाही शेवटाला नेला नाही. कधी भाकरी करपायची, कधी तुम्हाला फोन यायचा. आता तुम्ही निघून गेलात आणि निकाल माझ्या गळ्यात बांधलात.

आपला धंदा ऐकून लोक आधी हसायचे. मग जरा लांब सरकायचे. गाडीच्या मागं मीच रंगवलं होतं, "समाधी, कबर, स्मारकशिळा : साफसफाई व दुरुस्ती". माझे वडील विट्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, अक्षर मला त्यांच्याकडून आलं, आणि छिन्नी तुम्ही हातात दिलीत. दगड धुवायचा तुम्ही, पुसट झालेली अक्षरं परत उठवायची मी. सासूबाई तुम्हाला अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. "आमच्या घरात बारा म्हैने सुतक," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या, आणि गावात कुणाच्या समाधीवर शेवाळ दिसलं की त्याच तुम्हाला आधी खबर द्यायच्या. आता खरं सुतक आलं तर मला घरात बसवेना. हात नुसते पडून राहायची सवयच नाही.

तुम्हाला हे खूळ लागलं ते फौजेत. ईशान्येला पोस्टिंग होती, तिथं डोंगराच्या उतारावर महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी होती. एक म्हातारा माळी ओणवा होऊन दगड पुसत होता. तुम्ही विचारलंत, बाबा, हे तुमचे कोण? तो म्हणाला, माझा बापही हेच पुसायचा. एवढंच. तुम्ही हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलंत, आणि सांगताना तुमचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आला होता. नवीन नवरीला कबरींच्या गोष्टी सांगणारा हा कसला नवरा, असं मला वाटलं होतं. पेन्शनवर आलात, आणि गावच्या पारामागं आपल्याच सैनिकाच्या स्मारकावर तीन रंगांचा ऑइल पेंट थापलेला बघितलात. त्याला शेळी बांधलेली होती. तुम्ही शेळी सोडली, बादली घेतली आणि खाली बसलात. दिवस मावळायच्या आत रंगाखालून नाव वर आलं. ज्याची शेळी होती, त्याच्याच आज्याचं. मी अक्षरांवरून बोट फिरवत होते. इतकी वर्षं ते नाव तिथंच होतं, रोज माणसं त्याच्यावरून जात होती, आणि त्याला कसली म्हणून घाई नव्हती.

ॲसिड बघितलं की तुमचा पारा चढायचा. तारेचा ब्रश तर शिवीच. "आंगाची सालटी काढून आंघोळ घालत्यात व्हय रं कुनी?" असं तुम्ही एका नगरसेवकाला तोंडावर म्हणाला होतात, आणि ते काम आपल्या हातचं गेलं होतं. कुठलंही नवं पाणी, नवा साबण, नवा ब्रश आधी विहिरीजवळच्या दगडावर लावून बघायचा. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसावर परयोग करायचा न्हाई, हा तुमचा नेम. म्हणून त्या दगडाची ही अशी दशा झालीय, एक ठिगळ काळं, एक राखाडी, एक पांढुरकं. बायका पाण्याला आल्या की विचारायच्या, ह्येला काय कोड फुटलंय का? तुम्ही म्हणायचात, ह्यो आपला दवाखाना हाय.

आणि ती पंजाएवढी जागा. तिच्यापायी मी तुम्हाला काय काय बोलले असेन. सगळा दगड लख्ख करायचा आणि खाली कोपऱ्यात हाताचा पंजा मावेल एवढी जागा तशीच काळी, शेवाळलेली ठेवायची. "तेवढी घरच्यांनी धुवायची," म्हणायचात. घरचं कुणी आलं नाही तर ती तशीच सोडून यायचात. गिऱ्हाईक म्हणायचं, काम अर्धवट ठेवलं. फलटणच्या त्या ऊसवाल्यानं तर फोनवर मला झापलं होतं. मी म्हणाले होते, "आवं, न्हाव्यानं अर्धी दाढी करून उरलेली तुमी करा म्हनलं तर चालंल का तुमास्नी?" तुम्ही हसलात आणि ब्रश धुवायला घेतलात. उत्तर द्यायचं नसलं की तुमचे ब्रश बरे मळायचे.

मिरजेच्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या रूथबाई आठवतात? जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या, ताठ कण्याच्या बाई. आईच्या कबरीवरचा संगमरवर धुवायला आपल्याला बोलावलं होतं. शेजारच्या कबरींवर कुणीतरी आधी ॲसिड ओतून गेलेलं, त्यांचे दगड हाताला साखरेसारखे खरखरीत लागत होते. तुम्ही रूथबाईंच्या आईचा दगड नुसत्या पाण्यानं धुतलात, ओलवून थांबायचं, परत ओलवायचं, परत थांबायचं. ऊन कलल्यावर दगडाला मूळचा दुधाळ रंग आला, आणि कोपऱ्यात तुमचा तो काळा पंजा. रूथबाई चष्मा सारखा करून म्हणाल्या, "फौजी, इथं राहिलंय की."

"ते तुमचं हाय बाई. तुमी धुवा."

"मला खाली बसता येत नाही. गुडघे गेलेत."

"मग राहू द्या. घाई न्हाई."

मी तुम्हाला कोपरानं ढोसलं. बाईंनी आपल्या दोघांकडे बघितलं, पदर खोचला आणि माझ्या खांद्याला धरून खाली बसल्या. ब्रश घेतला नाही, हातानंच चोळायला लागल्या. हळूहळू काळं सुटलं आणि खालून एक वेडंवाकडं फूल निघालं, खिळ्यानं ओरखडलेलं. चार पाकळ्या मोठ्या, एक छोटी. बाईंनी एकेका पाकळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माझा भाऊ. हे त्यानं काढलं होतं. दगड बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाबांनी मारलं होतं त्याला." भाऊ जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्या फुलावर त्यांनी हात ठेवला, आणि त्या ताठ कण्याच्या बाई लहान मुलीसारख्या रडल्या. मीही रडले. तुम्ही पाठ करून उभे होतात, बादली विसळत.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "ते फूल तुमाला आधी दिसलं हुतं का?"

"कुठलं?"

"सरळ सांगा की."

"आगं, शेवाळाखालचं मला कसं दिसंल?"

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आत्ताही पटत नाही. तुमची बोटं दगडावरून अशी फिरायची की डोळे मिटलेले असले तरी तुम्ही खालची चीर सांगायचात. तुम्ही घासलं असतंत तर ते फूल ओरखडा म्हणून नाहीसं झालं असतं. दिसलं म्हणून ठेवलंत, की ठेवलं म्हणून सापडलं? हे मी तुम्हाला मिरज ते तासगाव विचारत आले, आणि तासगावला तुम्ही मला उसाचा रस पाजून गप्प केलंत. बायकोला रसावर गप्प करता येतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं देव जाणे.

मग आपलं शेवटचं काम, म्हसवडच्या पुढच्या माळावरचं. हौसाबाईंचा देव. धनगराचं घर, पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखणारं, आता थोडी बाजरी आणि डाळिंबही करणारं. माळावरच्या त्यांच्या उभ्या दगडाला ते थोरला देव म्हणायचे, आणि शेंदूर आणि तेल लावून लावून तो एवढा फुगला होता की नुसता तांबडा गोळा दिसायचा. त्या शेंदराला तडा गेला आणि एक ढपली खाली पडली. देवानं कवच टाकलं म्हणून घर घाबरलं. मुलगा मेंढरं घेऊन लांब चरायला गेलेला. म्हाताऱ्या हौसाबाईंनी आपल्याला निरोप धाडला, देवाला परत नीट करून द्या म्हणून.

तुम्ही बांबूच्या चिपा तासल्यात, कोमट पाण्याची किटली घेतलीत आणि शेंदराचे थर एकेक सोडवायला बसलात. थर कसले, पिढ्याच त्या. वरचा हौसाबाईंच्या हातचा, त्याखाली सासूच्या, त्याखाली आणि कुणाच्या. प्रत्येक ढपली तुम्ही फेकून न देता घोंगडीवर ठेवत होतात. दुपारी सूर्य आणि चंद्र निघाले, अगदी वर, शेजारी शेजारी. मग शिवलिंगापुढं बसलेला एक माणूस. मग खाली तोच माणूस उभा, हातात तलवार, आणि त्याच्या पाठीमागं मेंढरं, एकाला एक चिकटून. वीरगळ होता तो. आपलं जितराब राखताना मेलेल्या कुणाचा तरी. किती शतकं झाली असतील कोण जाणे. शेंदरानं त्याला उनापावसापासून असं राखलं होतं की मेंढरांच्या पाठीवरच्या लोकरीचा केस न् केस मोजून घ्यावा. माझ्या हातातली किटली वाकडी झाली आणि पाणी पायावर सांडलं तरी मला कळलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ दगड बघितलेत, पण त्या दिवशी मला चप्पल काढावीशी वाटली, आणि बघते तर तुम्ही आधीच काढून ठेवली होती.

हौसाबाई काठी टेकत पुढं आल्या. एवढी वर्षं रोज तेल लावलेल्या देवाचं तोंड त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"आवं, ह्यो तर मानूस हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय," तुम्ही म्हणालात.

"मंग आमी नवस कुनाला बोलत हुतो?"

"ह्यालाच की, मावशे. मेंढरं राखताना मेलाय ह्यो. तुमची मेंढरं ह्यो राखणार न्हाई तर कोन राखणार?"

त्यांनी त्याच्या मेंढरांवरून हात फिरवला, घरच्या मेंढरांवरून फिरवावा तसा.

परतताना आपण भांडलो. मी म्हणत होते, असं काम पुन्हा झाकायचं नाही, उघडंच राहिलं पाहिजे. तुम्ही म्हणत होतात, त्यांनी परत शेंदूर लावला तर लावू दे, त्या शेंदरानंच तो वाचलाय. "धुनं आपलं काम. देव म्हनायचं का मानूस, ते त्यांचं." मी म्हणाले, मग आपण धुतलं कशाला? तुम्ही म्हणालात, "एकदा वळख झाली न्हवं." आणि मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. अजून राग आहे माझा त्याच्यावर. खालच्या कोपऱ्यात शेंदराचा पंजा तुम्ही सोडून आला होतात, मुलगा मेंढरं घेऊन परतला की त्यानं काढायचा म्हणून. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या दगडाला तुमचा हात लागला नाही.

काल हौसाबाई भेटायला आल्या होत्या, मुलाबरोबर, एसटीनं. माझ्या पाठीवरून हात फिरवून आधी त्या पुष्कळ रडल्या, आणि मग पदरानं डोळे पुसून सांगायला लागल्या. मुलगा आला, त्यानं तुमच्यासारखीच चीप तासली आणि पंजाएवढा शेंदूर काढला. खाली एक कुत्रं निघालं. बारकं, शेपूट वर केलेलं, त्या माणसाच्या पायाशी उभं. पोरगा येडा झाला म्हणे आनंदानं. रानात आठ महिने कुत्र्याच्या जिवावर झोपणारा गडी तो.

मी विचारलं, "मग आता शेंदूर लावला का परत?"

हौसाबाई जरा लाजल्या. "देव उघडाच ठिवलाय. तोंड बघितल्यावर झाकू वाटंना. कुत्र्याला लावती रोज. एवढासा. हाताला सवय हाय गं बाय, कुटंतरी लावाय पायजेच की."

मला रडता रडता हसू फुटलं. आपल्या दोघांचा वाद ह्या बाईनं असा सोडवला होता, आणि ऐकायला तुम्ही नव्हतात. ते कुत्रं तुम्हाला आधी दिसलं होतं का, हेही आता विचारायचं राहिलं. रूथबाईंचं फूल आणि हौसाबाईंचं कुत्रं, दोन्ही तुमच्या पंजाखाली. मला ह्याचा विचार करताना भीती वाटते, देवाची वाटते तसली. मी कुणाबरोबर संसार केला, असं वाटतं. आणि ह्याच माणसावर मी भाजीवर मीठ वरून घेतलं म्हणून ओरडायचे.

रात्रभर त्यांचं एकच वाक्य डोक्यात होतं, हाताला सवय हाय. सकाळी उठले ती सरळ विहिरीकडं गेले. संदीपला हाक मारली. मोबाइलवर ग्रॅनाइटचे नमुने काढूनच तो आला.

"ते ठेव," मी म्हणाले. "नानांचा दगड हा. बांधावर न्यायचा न्हाई, हितंच ऱ्हाऊ दे."

तो बघत राहिला. सगळी ठिगळं. काळं, राखाडी, पांढुरकं. दुसऱ्यांच्या मेल्या माणसांना इजा नको म्हणून ह्या दगडानं सोसलेलं सगळं. तुमच्या सगळ्या कामांची सुरुवात त्याच्यावरच झालेली.

"आन नाव?" संदीपनं विचारलं. "तू कोरशील?"

छिन्नी मी बरोबर घेऊन आले होते, खोटं कशाला बोलू. तुमच्या नावाची अक्षरं कशी बसतील, ते मनात आखूनही झालं होतं. पण तुमचंही थोडं ऐकायला हवं. दगड हवा ते माझं, त्याच्यावर नाव नको ते तुमच्यासाठी, असं ठरवलं. "नाव न्हाई," मी म्हणाले. "ज्याला म्हाईत हाय त्याला म्हाईत हाय."

मग मी तारेवरचे ब्रश काढले. इतके दिवस निघत नव्हते, आज निघाले. संदीप पाणी शेंदत होता, मी धूत होते, ओलवून थांबायचं, परत ओलवायचं. ज्या पोराला शाळेत बाकीची पोरं थडग्यावाल्याचा म्हणून चिडवायची आणि जो कधी आपल्या गाडीत बसायचा नाही, त्यानं आज न सांगता बाह्या वर केल्या. ठिगळं गेली नाहीत, जायचीही नव्हती, पण सगळी स्वच्छ झाली. राहिली ती मधली एक जागा. तुम्ही ब्रश धुऊन जिथं डोकं टेकून बसायचात ती. रोज रोज टेकून तुमच्या केसांच्या तेलानं तिथं दगड काळाभोर झालाय, चमकतो. पंजाएवढाच आहे डाग.

संदीपनं ब्रश पुढं नेला. मी त्याचा हात धरला.

"ते राहू दे."

"आई, नानांच्या डोक्याचं तेल हाय ते."

"म्हाईत हाय. ती जागा तुझी. पुढच्या सुट्टीला ये आन मग धू."

सीमेवर कुठं जायचंय, हे तो मला सांगत नाही, मीही विचारत नाही, तुम्ही होतात तेव्हाही हेच होतं. त्याला समजलं. ब्रश त्यानं बादलीत विसळला, बराच वेळ विसळला, तुमच्यासारखाच, आणि म्हणाला, "म्हंजे मला यायलाच लागंल."

"व्हय. यायलाच लागंल."

इतकी वर्षं तुम्ही ती जागा कशासाठी सोडत होतात, ते मी तुम्हाला विचारत राहिले आणि तुम्ही हसत राहिलात. दगड नको का म्हणायचात, तेही आज कळलं; दगड घातला की गेलेल्या माणसाला घरच्यांची वाट बघत बसावं लागतं. बसा आता. चहा आणलाय, मीही इथंच बसलेय.